उद्याचा जो : ७९ भाग आणि अडीच तास

आज जपानमधल्या एका बॉक्सिंगच्या कार्टून मालिकेबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. कार्टून म्हटल्यावर पुढे सरकू नका, कारण या गोष्टीत विमान अपहरण आहे, रोजंदारी मजुरांची वस्ती आहे, आणि कागदावरच्या एका पात्राची सातशे माणसांसमोर झालेली खरीखुरी शोकसभाही आहे. शिवाय एक प्रश्न आहे, तो आपल्या सगळ्यांचा आहे : मोठी गोष्ट छोटी करताना कात्री नेमकी कशावर चालते?

मालिकेचं नाव ‘आशिता नो जो’. आशिता म्हणजे उद्या, जो हे नायकाचं नाव. म्हणजे ‘उद्याचा जो’. मूळ चित्रकथा १९६८ च्या सुरुवातीपासून ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात येऊ लागली आणि १९७३ च्या मे महिन्यात संपली. लेखन आसाओ ताकामोरी यांचं, चित्रं तेत्सुया चिबा यांची. ताकामोरी म्हणजेच इक्की काजिवारा. त्यांची बेसबॉलवरची चित्रकथा त्याच साप्ताहिकात जोरात चालू होती, म्हणून इथे त्यांनी वेगळं नाव घेतलं. चित्रकथा चालू असतानाच, १ एप्रिल १९७० ला, फुजी टीव्हीवर तिची मालिका सुरू झाली. मुशी प्रॉडक्शननं ती केली आणि दिग्दर्शक होता ओसामू देझाकी, वय सव्वीस. २९ सप्टेंबर १९७१ पर्यंत दर आठवड्याला एक असे ७९ भाग झाले. पुढे १९८० च्या मार्चमध्ये याच मालिकेची चित्रं कापून, जोडून, आवाज नव्यानं भरून अडीच तासांचा चित्रपट आला.

दोन्हींत चित्रं तीच, गोष्ट तीच, नायकाचा आवाजसुद्धा तोच, तेरुहिको आओई या गायक-अभिनेत्याचा. तरी मालिका बघणारा आणि फक्त चित्रपट बघणारा यांच्या मनात दोन वेगळे ‘जो’ राहतात. ते कसे, हे समजायला आधी काळ समजून घेऊ.

*

१९६८ साली जपान एकूण उत्पन्नात पश्चिम जर्मनीला मागे टाकून भांडवलशाही जगात अमेरिकेच्या खालोखाल पोचला. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक होऊन गेलं होतं, बुलेट ट्रेन धावत होती, १५ मार्च १९७० ला ओसाकाचं जागतिक प्रदर्शन उघडलं आणि सहा महिन्यांत सहा कोटींवर लोकांनी ते पाहिलं. जगभर कौतुक चाललं होतं.

पण ते रस्ते, ते पूल, ती स्टेडियमं बांधली कुणी? टोकियोत सान्या आणि ओसाकात कामागासाकी नावाच्या वस्त्या होत्या. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहतात ना, अगदी तसंच. पहाटे मुकादम यायचे, अंगानं धडधाकट दिसणारे निवडून गाडीत घालायचे, संध्याकाळी रोजची मजुरी हातावर ठेवायचे. रात्री झोपायला दाटीवाटीची स्वस्त लॉज. त्या लॉजना जपानी बोलीत ‘डोया’ म्हणतात. सराईला जपानीत ‘यादो’ म्हणतात, तोच शब्द उलटा केला की ‘डोया’. सराई म्हणायच्याही लायकीची नाही, म्हणून शब्दच उलटा. १९६० नंतर सान्यात मजूर आणि पोलीस यांच्यात वारंवार दंगली झाल्या. १९६६ साली टोकियोतल्या पत्त्यांची फेररचना झाली आणि ‘सान्या’ हे नाव सरकारी नकाशातूनच गेलं. वस्ती जिथल्या तिथे, माणसं तिथेच, फक्त नाव गेलं.

‘उद्याचा जो’ ची गोष्ट सुरू होते ती याच वस्तीत. अनाथाश्रमात वाढलेला, कुणाचाच नसलेला जो याबुकी तिथे भटकत येतो. दानपेई तांगे नावाचा एक डोळा गेलेला, दारूत बुडालेला जुना बॉक्सर त्याला बघतो आणि त्याला वाटतं, हे पोरगं बॉक्सिंगसाठीच जन्माला आलंय. दानपेईचा आखाडा नामिदाबाशीखाली, म्हणजे ‘अश्रूंच्या पुला’खाली. हे नाव मनानं रचलेलं नाही बरं का. एदोच्या काळात कोझुकाप्पारा नावाची वधभूमी तिथून जवळ होती. गुन्हेगाराला तिकडे नेताना घरचे लोक या पुलापर्यंत येऊन निरोप घ्यायचे, असं सांगतात. पूल आज नाही, चौकाला नाव तेवढं उरलंय. गोष्टीत दानपेई जोला सांगतो की आयुष्यात हरलेली माणसं रडत हा पूल ओलांडून वस्तीत येतात, आपण दोघं तो उलट्या दिशेनं ओलांडू.

मालिकेचा पाया हा आहे. बॉक्सिंग त्याच्यावर उभं राहतं.

*

आता १९७० च्या वसंतातले दोन आठवडे बघा.

चित्रकथेत जोचा प्रतिस्पर्धी आहे तोरू रिकिइशी. दोघांची गाठ बालसुधारगृहात पडते. रिकिइशी उंचापुरा, वेल्टरवेट गटातला, वजनमर्यादा साधारण ६६.७ किलो. जो बँटमवेट, मर्यादा साधारण ५३.५ किलो. मधे तेरा किलोंचं अंतर. म्हणजे नियमानुसार व्यावसायिक रिंगमध्ये हे दोघं समोरासमोर येऊच शकत नाहीत. पुढे हा मुख्य प्रतिस्पर्धी ठरणार याची कल्पना नसताना चिबांनी रिकिइशीला पहिल्यांदा फार उंच काढून ठेवला, आणि मग कथेलाच त्याच्यावर तोड काढावी लागली, हा किस्सा जपानात प्रसिद्ध आहे. तोड अशी निघाली की रिकिइशी स्वतःच उपाशी राहून जोच्या गटात उतरतो. अन्न सोडतो, पाणी सोडतो. नळ तारेनं बांधून टाकलेले असतात. श्रीमंत घरातली योको शिराकी त्याची कीव येऊन पेलाभर गरम पाणी आणते. तो तिचे आभार मानतो आणि पाणी ओतून टाकतो. मग तो जोशी लढतो, जिंकतो आणि मरतो.

१९७० च्या सुरुवातीला छापील चित्रकथेत रिकिइशी मेला आणि वाचक हादरले. कवी आणि नाटककार शूजी तेरायामा यांनी पुढाकार घेऊन २४ मार्च १९७० ला प्रकाशक कोदान्शाच्या सभागृहात त्याची शोकसभा घेतली. रिंग उभारलं, भिक्षूंनी मंत्र म्हटले आणि सुमारे सातशे माणसं आली. एका कागदावरच्या माणसासाठी! मालिकेच्या शीर्षकगीताचे शब्दही तेरायामांचेच.

त्यानंतर बरोबर आठवड्यानं, ३१ मार्चला सकाळी, टोकियोहून फुकुओकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं ‘योदो’ नावाचं विमान रेड आर्मी गटाच्या नऊ तरुणांनी पळवलं. त्यांना उत्तर कोरियात जायचं होतं. मागे ठेवलेल्या निवेदनात त्यांच्या म्होरक्यानं, ताकामारो तामियानं, शेवटी लिहिलं होतं की आम्ही म्हणजे ‘उद्याचा जो’ आहोत.

फुकुओकात थांबून विमान सोलच्या गिम्पो विमानतळावर उतरलं आणि तिथेच अडकून पडलं. प्रवासी सुटले ३ एप्रिलला, त्यांच्या बदल्यात एक उपमंत्री ओलीस म्हणून विमानात चढला तेव्हा. आणि मधल्या बुधवारी, १ एप्रिलला संध्याकाळी, अख्खा देश बातम्यांना चिकटून बसला असताना फुजी टीव्हीवर ‘उद्याचा जो’ चा पहिला भाग लागला.

म्हणजे ही मालिका पहिल्या दिवसापासून ओझं घेऊनच आली. रिकिइशी मरणार हे निम्म्या प्रेक्षकांना आधीच माहीत. जोचं नाव आधीच एका राजकीय निवेदनात. त्या काळच्या विद्यार्थ्यांबद्दल म्हटलं जायचं की त्यांच्या एका हातात ‘असाही जर्नल’ हे वैचारिक साप्ताहिक असतं आणि दुसऱ्या हातात ‘शोनेन मॅगझिन’. १९६९ च्या जानेवारीत टोकियो विद्यापीठाचा यासुदा हॉल पोलिसांनी रिकामा केला होता, चळवळ उतरणीला लागली होती. हरणाऱ्या पोरांना हरत हरत उभा राहणारा नायक हवा होता. त्यांना तो सापडला, आणि त्यातल्या काहींनी त्याचा भलताच अर्थ लावला.

*

आता मालिकेकडे येऊ. आज ती बघायला बसलात तर सुरुवातीला कंटाळा येऊ शकतो, आधीच सांगून ठेवतो. बॉक्सिंग यायलाच कितीतरी भाग लागतात. त्याआधी जो वस्तीतल्या पोरांची टोळी जमवतो, मारामाऱ्या करतो, लोकांच्या दयेचा फायदा घेऊन पैसे उकळतो आणि पकडला जातो. कोठडीत त्याला दानपेईचं पोस्टकार्ड येतं. ‘उद्यासाठी’ असा मथळा आणि खाली जॅब कसा मारायचा याचा पहिला धडा. जो आधी कार्ड फेकतो. मग वेळ जाईना म्हणून करून बघतो. भिंतीशी एकटाच हात चालवताना त्याच्या लक्षात येतं की ठोसा खरंच बदललाय. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला काही शिकवलेलं असतं.

मग बालसुधारगृह. तिथली दादागिरी, शेतातलं काम, डुकरांचा कळप उधळून पळून जायचा बेत, रिकिइशीनं त्याला एका ठोशात खाली बसवणं. तिथे आओयामा नावाचा एक किरकोळ अंगाचा मुलगा आहे. दानपेई सुधारगृहात येतो आणि जोला सोडून या आओयामाला शिकवतो. जो चिडतो. लढत झाल्यावर त्याला कळतं की बचाव काय असतो ते आपल्याला समजावं म्हणून म्हाताऱ्यानं हा खटाटोप केला होता.

या सगळ्याला मालिका वेळ देते. देझाकीकडे पैसा नव्हता. मुशी प्रॉडक्शन ओसामू तेझुकांनी १९६१ साली काढलेली कंपनी, आठवड्याला एक भाग द्यायचा म्हणजे चित्रं कमीत कमी काढायची, हा तिथला नेहमीचा हिशेब. १९७३ साली ती कंपनी बुडालीच. मग देझाकीनं टंचाईतूनच शैली काढली. चित्र हलत नाही ना, मग ते थांबवूनच दाखव. पडद्याचे दोन-तीन तुकडे कर. उन्हाची तिरीप आत सोड. रिकाम्या रस्त्यावर क्षणभर थांब. अकिओ सुगिनोसारख्या चित्रकारांच्या खरखरीत रेषा तशाच दिसू दे. मासाओ यागीचं जॅझच्या वळणाचं संगीत त्याच्यामागे. वस्तीतली दुपार कशी लांबते, काम न मिळालेला माणूस कसा बसून राहतो, हे या थांबण्यातून कळतं.

रिकिइशीचा उपास आठवा. टीव्हीसमोरचा प्रेक्षक तो आठवड्यांच्या हिशेबानं बघत होता. या बुधवारी त्याचे गाल बसलेले, पुढच्या बुधवारी डोळे खोल गेलेले. मधल्या सहा दिवसांत प्रेक्षक जेवत होता, कामावर जात होता, आणि रिकिइशी तिकडे उपाशीच होता. मालिकेत तो पन्नासाव्या भागाच्या आसपास मेला, १९७१ च्या मार्चच्या सुमारास. म्हणजे शोकसभेनंतर जवळजवळ वर्षानं. मेलेल्या माणसाबरोबर प्रेक्षकांनी एक वर्ष काढलं.

आणि त्यानंतर मालिका जवळजवळ तीस भाग चालू राहिली! ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

आता १९८०. दहा वर्षांत जपान बदलला होता. १९७२ च्या फेब्रुवारीत आसामा सान्सो इथे युनायटेड रेड आर्मीच्या तरुणांनी ओलीस धरून पोलिसांशी झुंज दिली. मग बाहेर आलं की त्याआधी डोंगरातल्या तळांवर त्यांनी स्वतःचेच साथीदार मारले होते. लोकांची उरलीसुरली सहानुभूती तिथेच संपली. १९७३ ला तेलाचा धक्का बसला, देश त्यातूनही सावरला. विद्यापीठं शांत झाली. १९७० मध्ये दगड फेकणारे आता टाय लावून कचेरीत जात होते.

आणि कार्टूनचा बाजारही बदलला होता. १९७७ च्या ऑगस्टमध्ये ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ चा चित्रपट आला. टीव्हीवर फारसं यश न मिळालेल्या २६ भागांचं ते संकलन होतं. तरुणांनी रांगा लावल्या. घरी व्हिडिओ यंत्रं नुकती कुठे येत होती आणि ती महाग होती. जुनी मालिका पुन्हा बघायची तर पुनःप्रक्षेपणाची वाट बघा, नाहीतर थिएटरात जा. निर्मात्यांना वाट सापडली : चित्रं तयार आहेत, कापा आणि जोडा. १९८१-८२ मध्ये ‘गंडाम’ चे तीन चित्रपट याच वाटेनं आले. ‘जो’ चा चित्रपट या लाटेतलाच.

हिशेब बघा. चित्रपट रिकिइशीच्या मृत्यूपर्यंतच येतो. तिथवरचं मालिकेतलं कथानक साधारण वीस तासांचं, त्याचे केले अडीच तास. म्हणजे आठ तासांतला एक ठेवला, सात टाकले. रिकिइशीला आवाज दिला तोशियुकी होसोकावा या नामवंत अभिनेत्यानं, योकोला फुमी दान या अभिनेत्रीनं. गाणंही नवं आलं. दहा वर्षांपूर्वीची खरखरीत चित्रं आणि आवाज नवे, गुळगुळीत.

चित्रपट वाईट आहे का? मुळीच नाही. उलट काही बाबतींत तो मालिकेपेक्षा नेटका आहे. जो आणि रिकिइशी यांच्यातला धागा मालिकेत मधे मधे हरवतो, इथे तो ताठ राहतो. दोन माणसांना एकमेकांशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि शेवटी त्यातला एक हस्तांदोलनासाठी हात पुढे करत कोसळतो. सरळ शोकांतिका. ज्यांनी मालिका कधीच पाहिली नसती अशा हजारो पोरांपर्यंत जो या चित्रपटामुळे पोचला, हेही खरं. मालिकेत तीच तीच चित्रं पुन्हा येतात, काही भाग नुसते ओढलेले आहेत, ते इथे गेले. बरंच झालं.

पण गेलं काय काय ते बघा.

वस्ती गेली. म्हणजे पडद्यावर दिसते, पण मागचा पडदा म्हणून. पोरांची टोळी, लॉजमधली माणसं, कामाच्या शोधातली सकाळ यांना वेळच उरत नाही. बालसुधारगृहातले इतर मुलगे चेहऱ्यापुरते येतात. जो एका जागेतून, एका वर्गातून वर येतोय ही जाणीव पातळ होते, आणि उरतं ते एका हट्टी मुलाचं दुसऱ्या हट्टी मुलाशी असलेलं वैर. पहिलं बघताना प्रश्न पडतो की हे पोर इथे आलंच कसं. दुसरं बघताना एवढाच प्रश्न पडतो की जिंकणार कोण.

दुसरं म्हणजे वाट बघणं गेलं. रिकिइशीचा उपास चित्रपटात काही मिनिटांत उरकतो. बघताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण भूक ही काटा येण्याची गोष्ट नव्हे. भूक लांबते. मालिकेनं ती लांबवून दाखवली होती.

आणि तिसरं, सगळ्यांत मोठं. शेवट बदलला.

*

एकही नवं चित्र न काढता शेवट बदलता येतो, तो कुठे थांबायचं एवढं ठरवून.

चित्रपट रिकिइशीच्या मरणावर थांबतो. मालिका थांबत नाही. मालिकेत दुसऱ्या दिवशी सकाळ होते आणि जोला उठावं लागतं. एक माणूस आपल्या हातून मेला, हे घेऊन तो शहरात भटकतो. पुन्हा रिंगमध्ये उभा राहतो तेव्हा त्याला समोरच्याच्या तोंडावर ठोसा मारता येत नाही. हात उठतो आणि अडतो. मारलाच तर पोटातून ढवळून येतं. तो हरत जातो. मोठ्या शहरातली रिंगणं बंद होतात, मग खेड्यापाड्यांतून तमाशासारख्या फिरणाऱ्या बॉक्सिंगच्या फडाबरोबर तो हिंडतो. शेवटी व्हेनेझुएलाचा कार्लोस रिवेरा येतो आणि त्याच्याशी लढताना जोला पुन्हा लढण्याचा आनंद सापडतो. तेव्हा चित्रकथा संपलेली नव्हती, त्यामुळे मालिकाही ठाम शेवट न करता तिथेच थांबते.

चित्रपट मरण दाखवतो. मालिका मरणानंतर जगणाऱ्याचं काय होतं ते दाखवते.

या कात्रीचा परिणाम पुढेही झाला. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये ‘उद्याचा जो २’ ही ४७ भागांची दुसरी मालिका निप्पॉन टीव्हीवर सुरू झाली. दिग्दर्शक देझाकीच, पण कंपनी टोकियो मूव्ही शिन्शा. ती सुरू कुठून झाली? रिकिइशीच्या मृत्यूनंतर. म्हणजे पहिल्या मालिकेचे शेवटचे जवळजवळ तीस भाग झालेच नाहीत असं धरून तोच काळ पुन्हा नव्यानं काढला. चित्रपट ही आता अधिकृत ‘पूर्वकथा’ झाली. दुसरी मालिका फार देखणी आहे, चित्रकलेत पहिलीच्या कितीतरी पुढे. पण १९७१ साली मोडक्या साधनांनी काढलेली जोची ती भटकंती त्यामुळे अडगळीत पडली. पुढे ४ जुलै १९८१ ला दुसरा संकलित चित्रपट आला, तोही मालिका संपण्याआधी. मालिका संपली ३१ ऑगस्टला. म्हणजे होसे मेंडोझाशी झालेली शेवटची लढत आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला जो थिएटरवाल्यांनी आधी पाहिला, घरच्या प्रेक्षकांनी नंतर. संक्षेप मूळ गोष्टीच्याही पुढे धावला! २०११ साली खऱ्या नटांना घेऊन चित्रपट झाला, त्याचाही गाभा जो विरुद्ध रिकिइशी हाच. कात्रीनं एकदा जी रेघ आखली ती आखली.

*

आता परत त्या विमानाकडे जाऊ.

तामिया आणि त्याचे साथीदार जेव्हा लिहून गेले की आम्ही जो आहोत, तेव्हा मालिकेचा एकही भाग प्रसारित झालेला नव्हता. चित्रकथेत रिकिइशी नुकता मेला होता आणि जोचं पुढे काय होणार ते काढणाऱ्यांनाही पूर्ण ठाऊक नसावं. त्यांनी घेतला तो लढणारा जो. पडला तरी उठतो तो जो. ठोसा मारून माणूस मेल्यावर ज्याला ओकारी येते, जो वर्षभर दुसऱ्याच्या तोंडाला हात लावू शकत नाही, तो जो त्यांच्यानंतर आला. ते तोवर प्योंगयांगला पोचले होते. तामिया १९९५ साली तिथेच वारला.

माझ्या मते जोचा पहिला संक्षेप १९८० च्या चित्रपटात झाला नाही, तो त्या निवेदनात झाला. ७९ भागांचं एक वाक्य केलं गेलं. त्या वाक्यात वस्ती नव्हती, उपास नव्हता, पश्चात्ताप तर नव्हताच. उरली होती फक्त मूठ.

आणि गंमत बघा, ज्यांच्या नावानं ही सगळी लढाई चालली होती ते सान्याचे मजूर दोन्ही संक्षेपांतून गळले. क्रांतीच्या निवेदनात ते नव्हते आणि पुढे चित्रपटातही ते मागच्या पडद्यावर गेले. नकाशातून तर १९६६ लाच गेले होते. आज त्या भागात उरलेल्या मजुरांत म्हातारे बरेच, कित्येक सरकारी मदतीवर जगतात, जुन्या लॉजांत परदेशी पर्यटक स्वस्तात राहतात. बाजाराच्या रस्त्याजवळ २०१२ पासून जोचा पुतळा उभा आहे. पुतळा नायकाचा आहे, हे ओघानंच आलं.

आपल्याशी याचा एक धागा आहे. काजिवारांची ती दुसरी, बेसबॉलवरची चित्रकथा ‘क्योजिन नो होशी’ भारतात आली २०१२ च्या डिसेंबरमध्ये, कलर्स वाहिनीवर, ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या नावानं. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबई, नायक गरीब वस्तीतला मुलगा. साठच्या दशकातल्या टोकियोची भूक आपल्या मुंबईला लागू पडेल असं तिकडच्या निर्मात्यांना वाटलं, यात आपल्याबद्दलही काही कळतंच. पण वस्तीतून वर आलेल्या खेळाडूची गोष्ट सांगताना वस्तीला किती वेळ द्यायचा, हा प्रश्न तिथेही तोच होता.

मी संक्षेपाच्या विरोधात नाही. सगळ्यांना ७९ भाग बघायला सवड कुठे? इतिहासही आपण संक्षेपानंच शिकतो. एक तारीख, एक फोटो, एक घोषणा. त्याशिवाय काही लक्षातच राहणार नाही. पण प्रत्येक संक्षेपात कुणीतरी ठरवलेलं असतं की गोष्ट कुठे थांबवायची, आणि तिथेच अर्थ ठरतो. मरणावर थांबवली की हुतात्मा मिळतो. दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत नेली की जबाबदारी मिळते. घोषणा पहिल्यातून तयार होतात, कारण दुसऱ्याची घोषणा करता येत नाही. म्हणून कुठल्याही चळवळीची, लढाईची, दंगलीची थोडक्यात गोष्ट कुणी सांगितली की एवढंच विचारायचं : पुढे काय झालं? जे उरले ते कसे जगले?

शेवटी एक सुचवणी. अडीच तास असतील तर चित्रपट जरूर बघा, वाया जाणार नाहीत. पण तिथे थांबू नका. पहिल्या मालिकेत रिकिइशी जातो, त्याच्या पुढचे भाग शोधा आणि बघा. चित्रं थकलेली आहेत, गती संथ आहे, मोठी म्हणावी अशी लढत बराच वेळ येत नाही. एक मुलगा आपल्याच हाताकडे बघत फिरतो, एवढंच. पण ‘उद्याचा जो’ या नावातला ‘उद्या’ तिथे आहे.